निजामाचं हैदराबाद आणि भारत, १९४७-४८ : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर लागला की शाळांमधून १७ तारखेच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासाठी भाषणांची तयारी सुरू होते, स्पर्धा परीक्षेची मुलं सनावळ्या घोकायला लागतात आणि कुणाच्या तरी घरी जुन्या ट्रंकेतून उर्दूतला एखादा कागद बाहेर निघतो. या तिन्ही प्रकारच्या लोकांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. आपल्याकडे हा सगळा इतिहास सप्टेंबरमधल्या चार-पाच दिवसांत कोंबला जातो. खरं प्रकरण तेरा महिन्यांचं आहे आणि त्यातलं बरंचसं कागदावर घडलेलं आहे. म्हणून इथे रणगाड्यांपेक्षा कलमांबद्दल जास्त लिहिलं आहे.

१५ ऑगस्ट १९४७ ला मराठवाडा कोणत्या देशात होता?

भारतात नव्हता, पाकिस्तानातही नव्हता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच मराठी जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. (जालना १९८१ ला, लातूर १९८२ ला आणि हिंगोली १९९९ ला वेगळा झाला. जुने कागद शोधताना हे लक्षात ठेवा, म्हणजे हिंगोलीचं दप्तर परभणीच्या नावाखाली शोधाल.)

हैदराबाद तरी कुठे होतं, याचं उत्तर कुणाला विचारता त्यावर ठरत होतं. ब्रिटिश संसदेने केलेल्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या कलम ७(१)(ब) प्रमाणे संस्थानांवरची ब्रिटिश राजसत्तेची अधिसत्ता (सर्वोच्च हुकमत) त्या दिवशी संपली आणि तिच्यासोबत जुने तहही संपले. ही अधिसत्ता दिल्लीच्या नव्या सरकारकडे सोपवलेली नव्हती. ती नुसती विरली. निजामाने यातून अर्थ काढला की आपण आता सार्वभौम झालो. तसं फर्मान त्याने जूनमध्येच काढलं होतं. दिल्लीचं म्हणणं असं की कायद्यात पोकळी राहिली म्हणून चारही बाजूंनी भारताने वेढलेलं, सुमारे ब्याऐंशी हजार चौरस मैलांचं आणि १ कोटी ६३ लाख वस्तीचं संस्थान वेगळं राष्ट्र होत नाही. त्यातही बहुसंख्य प्रजेला भारतात यायचं होतं. कॅबिनेट मिशनच्या १२ मे १९४६ च्या टिपणातही संस्थानांनी नव्या सरकारांशी संघराज्याचं किंवा दुसरं काही राजकीय नातं जोडावं, असं म्हटलेलं होतं.

पुढची सगळी भांडणं या एका पोकळीतून निघाली. ब्रिटिशांचे हक्क वारशाने कुणाकडे गेले? कायद्याचं उत्तर होतं : कुणाकडेच नाही.

निजाम खरोखर स्वतंत्र राजा होता का?

दिसायला पुष्कळच. स्वतःचं नाणं, नोटा, टपाल तिकिटं, फौज, रेल्वे आणि १९४० च्या दशकात डेक्कन एअरवेज नावाची विमान कंपनीसुद्धा. पण परराष्ट्र व्यवहार आणि संरक्षण १७९८ आणि १८०० च्या तहांपासून इंग्रजांच्या हातात होतं. तैनाती फौजेचा खर्च निजामावर आणि हुकूम इंग्रजांचा. पुढे हैदराबाद कंटिन्जंट नावाची आणखी एक फौज आली. हिंगोली, औरंगाबाद आणि मोमिनाबाद (आजचं अंबाजोगाई) इथल्या छावण्या तिच्याच. तिच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने दिला गेला.

सातव्या निजामाने, मीर उस्मान अली खानने, वऱ्हाडाचा विषय पुन्हा काढताना बरोबरीच्या नात्याची भाषा केली तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने मार्च १९२६ मध्ये त्याला खरमरीत पत्र लिहिलं. ब्रिटिश राजसत्ता भारतात सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही, हा त्याचा आशय. परीक्षेला हे पत्र सहसा येत नाही, पण १९४७ मधली निजामाची घाई समजायला त्याचा उपयोग होतो. एकवीस वर्षांपूर्वी ज्या सत्तेने त्याला गप्प बसवलं होतं, ती सत्ताच आता निघून चालली होती.

‘जैसे थे करार’ म्हणजे नेमकं काय ठरलं होतं?

२९ नोव्हेंबर १९४७ ला निजाम आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड माउंटबॅटन यांच्या सह्या झाल्या. करार आखूड आहे, पाचच कलमांचा. पण बहुतेक भाषणांत त्याचं नुसतं नाव येतं, म्हणून तो कलमवार पाहू.

पहिलं कलम : १५ ऑगस्टच्या आधी ब्रिटिश राजसत्ता आणि निजाम यांच्यात परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, दळणवळण यांसह सामायिक विषयांवर जे करार आणि ज्या व्यवस्था होत्या, त्या आता भारत आणि निजाम यांच्यात तशाच चालू राहतील. मात्र निजामाच्या राज्यात अंतर्गत शांतता राखायला फौज पाठवण्याचं बंधन भारतावर नाही आणि युद्धकाळ सोडला तर तिथे फौज ठेवण्याचा हक्कही नाही. या अपवादामुळेच सिकंदराबादच्या छावणीतली भारतीय फौज १९४८ च्या सुरुवातीला निघून गेली. रझाकारांच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या) काळात गावं एकटी का पडली, याचं कागदावरचं उत्तर इथे आहे.

दुसरं कलम : भारताचा प्रतिनिधी हैदराबादेत आणि हैदराबादचा दिल्लीत राहील.

तिसरं कलम : या करारातून भारताला अधिसत्तेचे अधिकार मिळत नाहीत आणि करार संपल्यावर कुणाचाही कसला हक्क शिल्लक राहणार नाही.

चौथं : वाद झाला तर लवाद. दोन्ही बाजूंचा एकेक आणि त्या दोघांनी निवडलेला पंच.

पाचवं : करार लगेच लागू, मुदत एक वर्ष.

करारासोबत पत्रंही होती. पाकिस्तानात सामील होणार नाही, असं निजामाने एका गुप्त पत्रात लिहून दिलं होतं. आमच्या मते पहिलं आणि तिसरं कलम शेजारी ठेवून वाचलं की करार टिकणार नव्हता हे उघड दिसतं. पहिल्याने दिल्लीला ब्रिटिशांच्या जागेवर बसवलं आणि तिसऱ्याने त्या जागेचा मुख्य अधिकार काढून घेतला. दोन्ही बाजूंनी सह्या केल्या, कारण दोघांनाही वेळ हवा होता.

सह्या व्हायला नोव्हेंबर का उजाडला?

कारण आधीचा मसुदा हैदराबादेतच अडवला गेला. छत्तारीचे नवाब हे तेव्हा पंतप्रधान. त्यांच्या शिष्टमंडळात सर वॉल्टर मॉन्क्टन हे इंग्रज वकील, सर सुलतान अहमद आणि अली यावर जंग होते. दिल्लीशी बोलून मसुदा ठरला, निजामाच्या कार्यकारी मंडळाने तो मान्यही केला. शिष्टमंडळ निघणार तोच, २७ ऑक्टोबरच्या पहाटे, इत्तेहादुल मुसलमीन या रझाकारांच्या पक्षाच्या जमावाने त्यांच्या घरांना गराडा घातला. छत्तारींनी राजीनामा दिला. मोईन नवाज जंग यांचं नवं शिष्टमंडळ दिल्लीला गेलं आणि जवळपास तोच मसुदा घेऊन परत आलं. लगेच मीर लायक अली पंतप्रधान झाले. त्याआधी ते संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानतर्फे काम करत होते.

त्या जमावामागे इत्तेहादचा अध्यक्ष कासिम रझवी होता. तो लातूरचा वकील. हा संदर्भ बाहेरच्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात. लातूर-उस्मानाबादच्या लोकांना तो सांगावा लागत नाही.

के. एम. मुन्शी हे भारताचे राजदूत होते का?

नाही, आणि उत्तरपत्रिकेत तसं लिहिलंत तर चूक धरतात. त्यांचं पद एजंट जनरल. राजदूत दोन सार्वभौम देशांत असतात आणि हैदराबाद सार्वभौम आहे हे भारताला मान्य नव्हतं. रेसिडेंट (संस्थानात बसणारा ब्रिटिशांचा प्रतिनिधी) म्हटलं असतं तर ब्रिटिशांची अधिसत्ता परत आल्यासारखं झालं असतं, म्हणून तेही नाही. जानेवारी १९४८ मध्ये मुन्शी हैदराबादेत आले तेव्हा जुन्या रेसिडेन्सीची भव्य इमारत त्यांना मिळाली नाही. त्यांचा मुक्काम बोलारमला लष्करी इमारतीत. दिल्लीत हैदराबादचे एजंट जनरल नवाब झैन यार जंग होते.

करार मोडला कुणी?

दोन्ही बाजूंनी एकमेकांवर आरोप केले आणि दोन्हीकडच्या आरोपांना कागदाचा आधार होता. म्हणून ‘निजामाने करार मोडला’ हे एकच वाक्य लिहून थांबू नका.

भारताच्या तक्रारी अशा : हैदराबादने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचं कर्ज दिलं, तेही भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपात. एका वटहुकुमाने संस्थानातल्या व्यवहारांत भारतीय चलन अग्राह्य ठरवलं, दुसऱ्याने मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक लँकेस्ट्रियन विमानांतून कराचीहून रात्रीची शस्त्रं आणत होता. आणि सगळ्यात मोठी तक्रार रझाकारांची : सरहद्दीवरची गावं, रेल्वेगाड्या, लूट, खून.

हैदराबादची तक्रार आर्थिक नाकेबंदीची. शस्त्रं तर सोडाच, पण औषधं, मीठ, पेट्रोल आणि यंत्रांचे सुटे भागही अडवले जातात आणि भारताच्या हद्दीतल्या तळांवरून संस्थानात हल्ले होतात, असं त्यांचं म्हणणं. तसे तळ होतेच. निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कृती समितीची सशस्त्र केंद्रं बार्शी, मनमाड, उमरखेड अशा सरहद्दीवरच्या गावांतून चालत. करोडगिरीची (जकातीची) नाकी आणि पोलीस ठाणी ही त्यांची मुख्य लक्ष्यं. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटून मिळालेला पैसा लढ्यासाठीच वापरला गेला.

हैदराबादने लवादाची भाषा केली, पण लवाद कधी बसलाच नाही. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन जाण्यापूर्वी शेवटचा मसुदा झाला. त्यात जबाबदार सरकार आणि सार्वमताची तरतूद होती. अटी हैदराबादला पुष्कळच सोयीच्या होत्या. तरी निजामाने सही केली नाही. २१ जूनला माउंटबॅटन गेले आणि मध्यस्थी करू शकणारा, दोन्हीकडे वजन असणारा माणूस उरला नाही.

या वाटाघाटींत मराठवाड्यातल्या लोकांचा आवाज कुठे होता?

टेबलावर नव्हता. स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेआधीच बंदी आली, ती १९४६ पर्यंत टिकली. तोवर महाराष्ट्र परिषदेसारख्या भाषिक संस्था होत्या. तिचं पहिलं अधिवेशन परतूरला १९३७ मध्ये गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली झालं. १९४७ मध्ये ७ ऑगस्टला ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळून सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामी रामानंद तीर्थांना पकडलं. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकवणारे हे स्वामी करारानंतर थोडे दिवस सुटले आणि जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा आत गेले. ते सुटले ते पोलीस ॲक्शननंतरच, म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या भारतीय लष्करी कारवाईनंतर. म्हणजे ज्यांच्या भवितव्याचा करार, त्यांचा नेता करार चालू असताना बहुतेक काळ तुरुंगात होता.

हैदराबाद संयुक्त राष्ट्रांत गेलं होतं हे खरं का?

खरं आहे. २१ ऑगस्ट १९४८ ला तारेने तक्रार गेली. सुरक्षा परिषदेच्या कागदांत तिचा क्रमांक एस/९८६. आधार घेतला सनदेच्या कलम ३५(२) चा. सदस्य नसलेलं राष्ट्रही शांततेने वाद मिटवण्याची बंधनं आधी स्वीकारून तक्रार करू शकतं, असं ते कलम सांगतं. यातली मेख ‘राष्ट्र’ या शब्दात आहे. भारतातर्फे सर रामस्वामी मुदलियार यांनी नेमका तोच आक्षेप घेतला : हैदराबाद हे राष्ट्र नाही, तेव्हा त्याला इथे उभं राहण्याचा अधिकारच नाही.

१६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषद बसली तेव्हा फौजा संस्थानात शिरून चौथा दिवस होता. विषयपत्रिकेवर घ्यायचं की नाही यावर मतदान झालं. आठ बाजूने, विरोधात कुणी नाही, तीन तटस्थ. विषय घेतला म्हणजे परिषदेचा अधिकार मान्य केला असं नाही, हेही तिथेच नोंदवलं गेलं. पुढे २२ सप्टेंबरला निजामाने तक्रार मागे घेत असल्याची तार केली. शिष्टमंडळाचे प्रमुख मोईन नवाज जंग म्हणाले की निजामाच्या तोंडून आता लष्कर बोलतंय. परिषदेने ठराव केला नाही आणि विषय अधिकृतपणे निकालातही काढला नाही. ‘हैदराबाद प्रश्न’ परिषदेच्या प्रलंबित यादीत पुढची कित्येक वर्षं पडून होता.

दर वर्षी समाजमाध्यमांवर ‘हैदराबादचा प्रश्न अजून यूएनमध्ये आहे’ असा संदेश फिरतो, तो यातूनच. यादीत नाव राहणं ही कारकुनी गोष्ट. तिला कायदेशीर वजन नाही.

पोलीस ॲक्शनमध्ये मराठवाड्यात कुठे काय झालं?

१३ सप्टेंबरला पहाटे मुख्य फौज मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागली. पहिली लढाई नळदुर्गला. बोरी नदीवरचा पूल न उडता हाती आला, हे त्या दिवसाचं मोठं यश. तो उडाला असता तर चिलखती गाड्या तिथेच अडकल्या असत्या. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून, मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या फौजेने सहा तुकड्यांनी औरंगाबाद गाठलं. दुपारी मुलकी अधिकाऱ्यांनी शहर स्वाधीन केलं. जालन्याला कडवा विरोध झाला. तिथून फौज लातूरकडे आणि मोमिनाबादला गेली. मोमिनाबादला गोलकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार करून शस्त्रं ठेवली.

१७ सप्टेंबरला लायक अलींच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि निजामाने युद्धबंदी जाहीर केली. लष्करी शरणागती मात्र १८ सप्टेंबरची. हैदराबादचे सेनापती अल इद्रूस यांनी ती जनरल चौधरींपुढे दिली. ‘१७ की १८’ हा वाद म्हणून निरर्थक आहे. दोन्ही तारखा बरोबर, घटना वेगळ्या.

कारवाईचं लष्करी नाव ‘ऑपरेशन पोलो’. सरकारने तिला पोलीस कारवाई म्हटलं, कारण युद्ध म्हटलं तर समोर दुसरं राष्ट्र आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं. पॅरिसमध्ये त्याच आठवड्यात नेमका हाच मुद्दा चालू होता.

त्यानंतरच्या हिंसेबद्दल बोलावं का? शाळेत काय सांगायचं?

बोलावं आणि दोन्ही बाजू सांगाव्यात. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली. बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरेंचा खून १९४६ मध्येच झाला होता. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर मुसलमानांच्या कत्तली झाल्या, हेही तितकंच खरं. केंद्र सरकारने नेमलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरून अहवाल दिला. त्यातला अंदाज : किमान २७ ते ४० हजार मृत्यू. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. चारपैकी दोन आपले. अहवाल अनेक दशकं बंद दप्तरात राहिला. सरकारने हा आकडा तेव्हा स्वीकारला नव्हता, म्हणून लिहिताना ‘सुंदरलाल समितीच्या अंदाजानुसार’ हे शब्द सोडू नका.

कायद्याने विलीनीकरण कोणत्या तारखेला झालं?

एका तारखेत ते बसत नाही. परीक्षेतल्या चुका इथेच होतात, म्हणून क्रम लक्षात ठेवा. १७-१८ सप्टेंबर १९४८ : प्रत्यक्ष ताबा, मग जनरल चौधरींचं लष्करी प्रशासन. नोव्हेंबर १९४९ : भारताची राज्यघटना हैदराबादला लागू राहील असं निजामाचं फर्मान. २६ जानेवारी १९५० : हैदराबाद हे घटनेतलं ‘ब’ वर्ग राज्य आणि निजाम तिथला राजप्रमुख (राज्यपालासारखं पद). होय, तोच निजाम. १९५२ : निवडणुका होऊन बी. रामकृष्ण राव मुख्यमंत्री. १ नोव्हेंबर १९५६ : राज्याचे तीन तुकडे आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात. १ मे १९६० : महाराष्ट्र.

लंडनच्या बँकेतल्या पैशाचं काय झालं?

सप्टेंबर १९४८ मध्ये, शरणागतीच्या धामधुमीत, हैदराबादच्या लंडनमधल्या खात्यातून १० लाख ७ हजार ९४० पौंड ९ शिलिंग पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतूला यांच्या नावे वेस्टमिन्स्टर बँकेत गेले. काही दिवसांतच निजामाने ते परत मागितले. आपण परवानगी दिलीच नव्हती, हे त्याचं म्हणणं. बँकेने दोघांपैकी कुणालाच दिले नाहीत.

खटला चढत चढत हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १९५७ चा निकाल असा की दुसऱ्या सार्वभौम राष्ट्रावर त्याच्या संमतीशिवाय इंग्लंडमध्ये दावा चालवता येत नाही. पाकिस्तान सार्वभौम, त्यामुळे दावा थांबला आणि पैसा गोठला. १९६५ मध्ये निजामाने आपला हक्क भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे करून दिला. पुढे अर्धं शतक फक्त व्याज वाढलं.

कोंडी फोडली ती पाकिस्ताननेच. २०१३ मध्ये त्यांनी स्वतः दावा लावला आणि दावा लावला म्हणजे सार्वभौम राष्ट्राचं संरक्षण सुटलं. हे लक्षात येताच त्यांनी दावा मागे घेण्याचा प्रयत्न केला, न्यायालयाने तो हाणून पाडला. २ ऑक्टोबर २०१९ ला न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला : पैसा सातव्या निजामासाठी विश्वस्त म्हणून ठेवलेला होता, शस्त्रांची किंमत वगैरे पाकिस्तानचे मुद्दे टिकत नाहीत. तोपर्यंत रक्कम सुमारे ३ कोटी ५० लाख पौंड झाली होती. भारत आणि मुकर्रम जाह, मुफ्फखम जाह हे दोन नातू यांच्यात आधीच गोपनीय समझोता झालेला असल्याने वाटणीचे आकडे जाहीर नाहीत. कुणी छातीठोक टक्केवारी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

घरातल्या कागदावर ‘१३५७ फसली’ लिहिलंय. हे कोणतं साल?

हैदराबादचं फसली साल (महसुली कामकाजाचं वर्ष) ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्याने सुरू व्हायचं. महिन्यांचा क्रम : आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमर्दाद, शहरेवर, मेहेर, आबान.

ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर फसली सालात ५९० मिळवा. जानेवारी ते सप्टेंबर असेल तर ५९१. महिना वाचता येत नसेल तर ‘१९४७-४८’ असं जोडसाल लिहा, अंदाजाने एक निवडू नका. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. जैसे थे करार, नाकेबंदी, पॅरिस आणि शरणागती, सगळं या एकाच फसली सालात बसतं.

सर्वांत महाग पडणारी चूक हिजरी आणि फसलीच्या घोटाळ्याची. हिजरी १३५७ म्हणजे १९३८-३९. आकडा तोच, फरक दहा वर्षांचा, आणि कूळ किंवा इनामाच्या दाव्यात दहा वर्षं म्हणजे सगळंच. महिना मोहरम, सफर, रजब असा असेल तर साल हिजरी. दै, तीर, आबान असेल तर फसली. काही कागदांवर दोन्ही असतात. तेव्हा दोन्ही वेगवेगळी काढून जुळवून पाहा. सरावासाठी एक सांगतो : जहागीर निर्मूलनाचा नियम ‘१३५८ फसली’चा आहे आणि तो १५ ऑगस्ट १९४९ ला अमलात आला. १३५८ मध्ये ५९१ मिळवा, जुळतं.

दस्तात ‘हाली’ आणि ‘कलदार’ असे दोन रुपये आहेत.

हाली शिक्का निजामाचा, कलदार ब्रिटिश हिंदुस्थानचा. सात हाली म्हणजे सहा कलदार. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. ७०० हालीचं खरेदीखत असेल तर ते ६०० कलदारांचं. नुसतं ‘रुपये’ लिहिलं असेल आणि दस्त संस्थानातल्या दोन माणसांमधला असेल तर बहुधा हालीच धरावा. सरहद्दीपलीकडच्या सोलापूर, नगरच्या सावकाराचा असेल तर पुढचामागचा मजकूर तपासा.

मूळ कागद कुठे बघायला मिळतात?

काय हवंय त्यावर ठिकाण ठरतं. संस्थानी काळातले महसूल, पेशी आणि खात्यांचे कागद हैदराबादला तारनाक्याच्या तेलंगणा राज्य पुराभिलेखागारात. रेसिडेन्सी आणि दिल्लीच्या संस्थान मंत्रालयाच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात. त्यांतल्या पुष्कळ ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात. ब्रिटिश बाजू लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. छत्रपती संभाजीनगरला राज्य पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय आहे. जमिनीचं काम असेल तर मात्र आधी तहसील आणि भूमी अभिलेखच्या अभिलेख कक्षातच जा : खासरा पत्रक (कब्जेदारांची नोंद), सेतवार (सर्व्हेवार जमिनीची नोंद), मुंतखब (इनामाचा दाखला). तिथे मिळत असलेल्या कागदासाठी हैदराबादचं तिकीट काढण्यात अर्थ नाही.

निघण्यापूर्वी गावाचं तेव्हाचं नाव, तेव्हाचा तालुका, जिल्हा आणि सर्व्हे नंबर लिहून घ्या. गाव जहागिरीतलं, सर्फेखासातलं (निजामाच्या खासगी मालकीतलं) की दिवाणी (थेट सरकारी), हे वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा, कारण तिन्हींची दप्तरं वेगळी. दिवाणी गावांच्या गठ्ठ्यात जहागिरीचा कागद शोधत आठ-आठ दिवस घालवणारे लोक असतात. उर्दू शिकस्ता या घसाईच्या लिपीत असते, छापील उर्दू वाचणाऱ्याला ती लागतेच असं नाही. गावपातळीवरचा मराठी मजकूर मोडीतही असू शकतो. भाषांतर करून घेताना तारीख आणि रक्कम मूळ अंकांसह तशीच ठेवायला सांगा, रूपांतर कंसात वेगळं. भाषांतरकाराने परस्पर इसवी साल घातलं आणि ते चुकलं, तर मूळ तपासायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

‘हैदराबाद गॅझेट’ म्हणजे हेच कागद का?

नाही. गॅझेटियर हा छापील ग्रंथ, जिल्हावार वर्णन आणि लोकसंख्येच्या जातवार आकड्यांचा. त्यात तुमच्या आजोबांचं नाव सापडणार नाही. मराठा समाजाला कुणबी जात प्रमाणपत्र देण्याबाबतचा राज्य शासनाचा २ सप्टेंबर २०२५ चा निर्णय या गॅझेटियरचा आधार घेतो, पण व्यक्तीचा संबंध दाखवायला वेगळे पुरावे लागतातच.

तेलंगण आणि कर्नाटकात १७ सप्टेंबर हा दिवस वेगळ्या नावाने का?

कारण तिकडच्या आठवणी वेगळ्या. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र शेतकरी लढा सप्टेंबर १९४८ नंतरही चालू राहिला, तो १९५१ मध्ये मागे घेतला गेला. फौज आल्यावर लढा संपला असं तिथे सगळ्यांना वाटत नाही. त्यामुळे विमोचन, एकात्मता, प्रजापालन अशी नावं सरकारांप्रमाणे बदलतात. कर्नाटकाने २०१९ पासून ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ केलं आहे. केंद्राने २०२४ मध्ये १७ सप्टेंबर ‘हैदराबाद मुक्ती दिन’ म्हणून अधिसूचित केला. आपल्याकडे ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’ हेच नाव चालतं आणि सूत्रसंचालनाच्या कागदावर तेच लिहा.